चुकून लागला

राऊतकाकांनी आजवर एकाही कंपनीच्या कस्टमर केअरशी बोलणं पूर्ण केलेलं नाही. गॅसचं सिलिंडर असो, लाइट गेल्याची तक्रार असो की बँकेचं काही असो, काका चष्मा लावून, आकडे मोठ्याने म्हणत फोन लावतात. पलीकडून ती मंजुळ बाई सुरू होते, "आपलं संभाषण रेकॉर्ड केलं जाऊ शकतं..." आणि तिचं वाक्य संपायच्या आत काका अत्यंत नम्रपणे म्हणतात, "चुकून लागला. माफ करा." फोन ठेवतात, तळहाताचा घाम लेंग्याला पुसतात आणि एक जिना चढून माझ्याकडे येतात.

त्यामुळे गेली नऊ वर्षं बोळिंजमधल्या आमच्या सोसायटीत मी दोन माणसं म्हणून राहतो. एक मी स्वतः, परब, तिसरा मजला, सोसायटीचा सेक्रेटरी. दुसरा मधुकर दामोदर राऊत, दुसरा मजला, निवृत्त टेक्स्टाइल इंजिनीअर. त्यांची जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, लहानपणीच्या आवडत्या शिक्षकांचं नाव, सगळं मला तोंडपाठ आहे. एकदा माझ्या स्वतःच्या बँकेतल्या मुलीने माझी जन्मतारीख विचारली तेव्हा मी बेधडक काकांची सांगितली आणि माझं कार्ड चार दिवस बंद पडलं.

मी या माणसाला पुष्कळ हसलोय. ते आधीच कबूल केलेलं बरं. फोन ठेवण्यामागे काय आहे हे मला गेल्या थंडीपर्यंत ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी पोलंडमध्ये त्यांनी असाच एक फोन ठेवला होता, आणि 'त्याला मला काय सांगायचं होतं' हा एकच प्रश्न घेऊन ते तेव्हापासून जगत होते. हे काहीच माहीत नसताना मी सोसायटीच्या गप्पांमध्ये त्यांच्या नकला करून दाखवायचो. चांगल्या करायचो, हेही खरं.

काका मूळचे वसईजवळच्या होळीचे. घरची केळीची वाडी, विहीर, पानवेली. वाडी थोरल्या भावाने सांभाळली आणि काका शिकले. कापड रंगवण्याचं शिक्षण घ्यायला सरकारी शिष्यवृत्तीवर पोलंडला गेले, वूच नावाच्या गिरण्यांच्या शहरात. तेव्हा तिथे कम्युनिस्टांचं राज्य होतं. शिक्षण झाल्यावर तिथल्याच एका गिरणीत रंगखात्याला लागले. "सात वर्षं काढली," एवढं सांगून काका बोटाने छताकडे खूण करतात. म्हणजे वर कोणी ऐकत असेल, जपून बोला. त्यांच्या छताच्या वर आमचं स्वयंपाकघर आहे.

कानांची त्यांना भारी धास्ती. पोलंडात म्हणे महत्त्वाचं बोलायचं झालं की लोक नळ सोडायचे, म्हणजे भिंतीतल्या यंत्राला नुसता पाण्याचा आवाज जायचा. काकांनी ही पद्धत बोळिंजला आणली. पण बोळिंजला नळाला पाणी सकाळी अर्धा तास. तेव्हा काकांकडची सगळी गुपितं पूर्वी साडेसहा ते सात या वेळात उरकावी लागत. मग त्यांनी उपाय काढला, मिक्सर. "परब, जरा आत या," असं म्हणून काका मला स्वयंपाकघरात नेत, रिकामा मिक्सर चालू करत आणि कानाशी तोंड आणून सांगत, "तळमजल्याच्या गाळ्यात भाडेकरू बदललाय."

हे मला तर दिसतच होतं. भाडेकरूने बाहेर बोर्ड लावला होता.

विमलकाकू होत्या तोवर रिकामा मिक्सर कधी फिरला नाही. काका आत शिरले की त्या मुकाट्याने भांड्यात खोबरं आणि मिरच्या टाकत. यांचं एक गुपित म्हणजे अर्ध्या नारळाची चटणी, असा त्यांचा हिशेब होता. त्या घरातून वाटी वर आली की आम्ही ओळखायचो, आज खाली काहीतरी गंभीर बोलणं झालेलं आहे. काकू जाऊन चार वर्षं झाली. आता मिक्सर नुसताच घरघरतो आणि तो आवाज आमच्या फरशीतून वर येतो तेव्हा माझी बायको हातातलं काम थांबवते.

सोसायटीच्या वार्षिक सभेत काका पहिल्या रांगेत बसतात आणि प्रत्येक ठरावाला हात वर करतात. ठराव वाचून व्हायच्या आधीच. गिरणीतल्या सभेत हात उशिरा वर गेला की समोरून कोणीतरी वहीत काहीतरी टिपायचं, ती सवय. आमच्या नऊ वर्षांच्या इतिवृत्तात अनुमोदक म्हणून एकच नाव आहे. एका वर्षी मी गंमत म्हणून ठराव वाचला, की श्री. राऊत यांनी गच्ची रोज झाडावी. त्याला अनुमोदन श्री. राऊत यांचंच. सभा हसून लोळली. काकाही हसले, पण हात त्यांनी खाली घेतला नाही.

पाण्याचा टँकर आला तेव्हा मात्र त्यांनी आम्हा सगळ्यांची अब्रू वाचवली. बायका कळशा घेऊन एकमेकींच्या अंगावर धावत होत्या. काकांनी शांतपणे खिशातून कागद काढला आणि यादी केली. वूचला फ्रिज हवा असो की चादर, आधी यादीत नाव लागायचं आणि मग दर दोन तासांनी हजेरी. हजेरीला नाही त्याचं नाव काट. काकांनी ती यादी इथे इतक्या कडकपणे चालवली, की टँकर उशिरा येणार म्हणून जेवायला गेलेल्या चेअरमनबाईंचंच नाव कटलं. त्या अजून काकांशी बोलत नाहीत. पण भांडण झालं नाही.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक जाळीची पिशवी असते. कुठे काय मिळेल सांगता येत नाही म्हणून. तिथल्या दुकानात फळीवर ओळीने व्हिनेगरच्या बाटल्या आणि मोहरी, बाकी काही नाही, असे दिवस होते. एकदा टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या मिळाल्या तर लोक त्या सुतळीत ओवून गळ्यात घालून घरी निघाले. काकांनीही घातली. तसा त्यांचा फोटो आहे. गळ्यात कागदाची माळ, डोक्याला लोकरीची टोपी, पायात फाटके बूट आणि तोंडावर नवरदेवाचं हसू. बुटांच्या तळाला त्यांनी पुठ्ठा घातला होता आणि बर्फात भिजून तो दर दोन दिवसांनी बदलावा लागे, हे ते फार रंगवून सांगतात. शेजारी उभा असलेला उंच माणूस कोण, असं विचारलं की म्हणत, "खात्यातला होता एक," आणि फोटो उलटा ठेवत.

आम्ही जिन्यात कॅमेरे बसवले तेव्हा त्यांच्या भीतीचा अंदाज मला पहिल्यांदा आला. ठरावाला त्यांनी अर्थातच अनुमोदन दिलं होतं. पण दुसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा नेमका त्यांच्या दाराकडे तोंड करून बसला आणि काका बदलले. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. बाहेर पडताना कॅमेऱ्याकडे पाहून जरासं वाकत. एके सकाळी त्यांनी मला मिक्सरपाशी नेलं आणि विचारलं, "परब, ते बघतं कोण?"

मी म्हटलं, कोणीच नाही हो काका, सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

"तेही असंच सांगायचे," काका म्हणाले. मी वर येऊन बायकोला हे नक्कल करून दाखवलं. ती हसली नाही. मग त्या रात्रीपासून घरात फोनवर बोलताना मीही उगाच आवाज खाली घेऊ लागलो. भीती अशी शेजारपाजारातून लागते.

गेल्या डिसेंबरात काकांची पुतणी केतकी होळीहून आली. ती शाळेत शिकवते, दर आठवड्याला काकांना वाडीतली भाजी आणून देते. जुनी पेटी आवरताना तिला तो माळेचा फोटो सापडला होता आणि तिने तो मोबाईलवर काढून इंटरनेटवर टाकला होता, वूचच्या जुन्या आठवणी गोळा करणाऱ्या लोकांच्यात. मजा म्हणून. त्यावर एका बाईचा निरोप आला होता. त्या उंच माणसाची ती मुलगी. एव्हा नाव तिचं. तिने लिहिलं होतं, की बाबा अजून आहेत, वृद्धाश्रमात असतात, अंथरुणाला खिळलेत, डॉक्टर फारशी आशा दाखवत नाहीत. माळ घातलेला हा मादेक तर नाही ना, असं त्यांनी विचारलंय. असेल तर त्याने एकदा फोन करावा. सोबत आश्रमाचा नंबर.

केतकीला वाटलं होतं काका खूश होतील. काका पांढरेफटक पडले. त्यांनी तिला वर माझ्याकडे पाठवलं आणि मी खाली गेलो तर मिक्सर आधीच चालू होता.

त्या घरघरीत त्यांनी मला जे सांगितलं ते मी दोनदा थांबवून पुन्हा विचारून घेतलं. ते असं. फोटोतला तो उंच माणूस म्हणजे मारेक, त्यांच्याच रंगखात्यात, काकांहून दहा वर्षांनी मोठा. पोलिश बोलायला त्यानेच शिकवलं, मधुकरचा मादेक त्यानेच केला. मग एका डिसेंबरात रविवारी सकाळी काका उठले तर वसतिगृहातला फोन मुका. रेडिओवर एक जनरल तेच तेच भाषण करत होता, देशात लष्करी कायदा लागला म्हणून. गिरणीच्या फाटकाशी बर्फात रणगाडा उभा. मारेक कामगारांच्या संघटनेत होता, त्याला कामावरून काढलं. त्याच्याजवळ उभं राहू नका, असं सगळे कुजबुजू लागले. काकांना ऑफिसात बोलावून एका साहेबाने ग्लासात चहा दिला आणि फार गोड आवाजात विचारलं, की मारेकचा फोन येतो का हो तुम्हाला? तुमचा इथे राहण्याचा परवाना मार्चमध्ये संपतोय ना?

काही आठवड्यांनी फोन पुन्हा सुरू झाले. आता फोन जोडला गेला की आधी एका बाईचा आवाज यायचा, हे संभाषण नियंत्रित आहे, हे संभाषण नियंत्रित आहे. एका दुपारी वसतिगृहाच्या कचेरीतल्या बाईने काकांना हाक मारली. फोन तिच्याच टेबलावर असायचा. काकांनी रिसीव्हर कानाला लावला. तो आवाज झाला आणि मागून मारेक म्हणाला, "मादेक, ऐक..."

"मी म्हटलं, चुकून लागला," काका म्हणाले. "आणि ठेवला. ती बाई बघत होती माझ्याकडे."

आठ दिवसांनी मारेकला उचलून तुरुंगात नेलं. मार्चमध्ये काका भारतात परत आले. त्याला एक पत्र टाकलं नाही त्यांनी, लग्नाला बोलावणं नाही, काही नाही. त्याला लपायला जागा हवी होती का? काही निरोप पोचवायचा होता? काकांना सावध करत होता? ऐकलं असतं तर तो वाचला असता का? या प्रश्नांपुढे काका कधीच सरकले नव्हते. त्यांनी मिक्सर बंद केला. भांडं तापून रबर जळल्याचा वास येत होता.

मी म्हटलं, आता विचारा की. माणूस आहे अजून.

"आणि तो म्हणाला, तुझ्यामुळे गेलो, तर?"

नऊ वर्षं राऊत म्हणून मी कोणत्याही प्रश्नाचं उत्तर देत आलो होतो, याचं उत्तर नव्हतं.

त्यानंतरचे दहा दिवस वाईट गेले. काका फोन करतो म्हणत आणि करत नसत. एक दिवस तिथे सुट्टी असेल म्हणाले, एक दिवस रेंज नाही म्हणाले. केतकीला एव्हाचे निरोप येत होते, आज बाबा जागे आहेत, आज बोलू शकतील. मग एक निरोप आला, की काल रात्री त्यांना श्वास घ्यायला फार त्रास झाला. मला माझ्या घरात बसून भीती वाटायला लागली. फोन वाजला की वाटे, झालं. जिन्यात काका भेटले तर ते कॅमेऱ्याकडे बघत आणि मी पायांकडे.

रविवारी दुपारी चार वाजता केतकी काहीही न विचारता आली, काकांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांचा उजवा हात मिक्सरच्या बटणावर होता. तिकडे घंटा वाजली, एकदा, दोनदा, मग खट्‌ झालं आणि एक बाई बोलू लागली. गोड, सावकाश, घोटून पाठ केल्यासारखी. पोलिश मला एक अक्षर येत नाही, पण ती काय म्हणतेय हे मला कळलं. तशी बाई सगळीकडे तेच म्हणते.

"तीच," काका म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात गेला. बटणावरचा हात सुटून फोनकडे निघाला, बोट त्या लाल खुणेवर आलं. तोंड उघडलं. मला वाटलं, गेला फोन. आणि मला कळायच्या आत मी हात पुढे केला, फोन मी घेतो म्हणून. नऊ वर्षांची सवय.

काकांनी माझा हात बाजूला केला. मग ते त्या रेकॉर्ड केलेल्या बाईशीच मोठ्याने बोलू लागले. त्यातलं मला एवढंच समजलं, मधुकर दामोदर राऊत, होळी, वसई. ती बाई त्यांच्या बोलण्यावरून बोलत राहिली, ते तिच्यावरून. मिक्सर बंद होता. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती आणि खाली मुलं क्रिकेट खेळायची थांबून वर बघत होती. नंतर काकांनी सांगितलं, की ते तिला म्हणत होते, माझं नाव लिहून घ्या, मला मारेकशी बोलायचंय.

मग एक परिचारिका आली, मग बराच वेळ कोणी नाही. मग एक आवाज, धाप लागलेला, अगदी बारीक. तो एकच शब्द बोलला, "मादेक?"

बोलणं दहा मिनिटंही झालं नसेल. बहुतेक मारेकच बोलला, थांबत थांबत. काकांनी मध्येच एक लहानसा प्रश्न विचारला, तो कोणता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. केतकीने माझं मनगट धरलं. पलीकडे तो म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला. काका हसले नाहीत. ते आपल्या पायांकडे बघत बसले.

फोन संपल्यावर केतकीने त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"बूट आले होते दुकानात," काका म्हणाले. "हिवाळ्याचे. तो रांगेत होता. माणशी एकच जोड देत होते. माझे फाटलेले म्हणून तो आपल्या पाळीवर माझ्यासाठी घेणार होता. समोरच्या टेलिफोनवरून त्याने माझ्या पायाचं माप विचारायला फोन केला."

केतकी त्यांच्यासमोर फरशीवर बसली.

"मी ठेवल्यावर त्याने मग स्वतःच्याच मापाचे घेतले. त्याला नेलं तेव्हा तेच पायात होते. म्हणतो, त्या थंडीत तिथे बोटं शाबूत राहिली ती त्यांच्यामुळे. बरं झालं तू फोन ठेवलास, म्हणतो." काकांनी पाण्याचा ग्लास ओट्यावर ठेवला. "खोटं बोलला असेल का हो परब? मला बरं वाटावं म्हणून?"

मी म्हटलं, मला काय माहीत काका, तुम्ही ओळखता त्याला.

"बोलेल तो," काका म्हणाले. "तसाच आहे." आणि चष्मा काढून रडले. भरपूर रडले, आवाज करून, खिडकी उघडी असताना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर काका दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, बरोबर त्या कॅमेऱ्याखाली उभे. अंगात बनियन. कानाला फोन. पलीकडची बाई आपलं म्हणणं सांगत होती आणि काका मान हलवत ते शेवटपर्यंत ऐकून घेत होते. मला वाटलं गॅसचा नंबर लावतायत. मग ते पोलिशमध्ये बोलू लागले, खणखणीत, चौथ्या मजल्यावर जाईल एवढ्या आवाजात. दोनच मिनिटं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय झालं, बरे आहेत ना ते?

"बरा आहे. काल एक राहिलं होतं," काका म्हणाले. "त्याच्या पायाचं माप. केतकी लोकरीचे मोजे विणते."

मी विचारलं, सांगितलं का त्याने?

"सांगितलं. आणि मग माझं विचारलं." काकांनी खिशातली जाळीची पिशवी उगाच काढून पुन्हा नीट घडी घातली. "मी सांगून टाकलं."